उन्हाळी सुटीतील स्वाध्याय व ऑनलाइन साधने

एप्रिलअखेर परीक्षा आटोपतात, मेच्या आरंभी निकाल लागतो आणि शाळेच्या दाराला कुलूप लागते. जूनच्या मध्यास, विदर्भात उन्हाच्या तीव्रतेमुळे त्याहून काही दिवस उशिरा, ते कुलूप पुन्हा निघते. मधले पाच-सहा आठवडे शिक्षकाच्या विश्रांतीचे होत. वर्षभर दोन-दोन, तीन-तीन वर्ग एकत्र सांभाळणाऱ्या शिक्षकास ही विश्रांती अवश्य मिळावयास हवी. शिवाय सुटी म्हणजे निव्वळ मोकळीक असेही नसते. शेतीची मशागत, घरातील लग्नकार्य, वृद्धांची औषधपाणी, कधी निवडणुकीचे अथवा गणनेचे काम, ह्यांत दिवस कसे सरतात ते कळतही नाही. शिक्षिकेच्या वाट्यास तर सुटीत घरकाम अधिकच येते. तेव्हा उन्हाळ्यातील स्वाध्यायाचा विचार करताना सवड थोडी आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. थोड्या सवडीत फलद्रूप होईल असा अभ्यास कोणता, तो कोणी ठरवावा, आणि आज हाताशी असलेल्या ऑनलाइन साधनांचा त्यात उपयोग कसा करून घ्यावा, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

स्वाध्यायाची परंपरा

शिक्षकाने नोकरीत राहूनही शिकत राहावे, हा विचार नवा नाही. १९६४ ते १९६६ ह्या काळात काम करणाऱ्या कोठारी आयोगाने, प्रत्येक शिक्षकास दर पाच वर्षांच्या सेवेत निदान दोन ते तीन महिन्यांचे सेवांतर्गत शिक्षण मिळावे, अशी शिफारस केली होती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने दर वर्षी किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा व्यक्त केली असून, हा विकास शिक्षकाच्या स्वतःच्या आवडीनुसार व्हावा, असेही त्यात म्हटले आहे. ५० तासांचा आकडा सर्वांच्या ध्यानात राहतो. ‘स्वतःच्या आवडीनुसार’ हे शब्द मात्र सहज विसरले जातात.

तंत्रसाधनांच्या द्वारे शिक्षकांना शिकविण्याचा प्रयत्नही जुनाच आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ ह्या वर्षात उपग्रहाच्या साहाय्याने देशातील सहा राज्यांच्या सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दाखविण्यात आले. महाराष्ट्राचा त्या सहा राज्यांत समावेश नव्हता. परंतु त्या प्रयोगातील एक गोष्ट येथील शिक्षकांनीही ध्यानी घेण्यासारखी आहे. त्या वर्षी प्राथमिक शिक्षकांना विज्ञानाध्यापनाचे जे प्रशिक्षण देण्यात आले, त्यात त्यांना केवळ संचासमोर बसवून ठेवले नव्हते. पडद्यावरील कार्यक्रमास आकाशवाणीची, छापील मार्गदर्शिकेची आणि प्रत्यक्ष हाताने करावयाच्या कृतींची जोड दिली होती. पाहण्याने शिकण्यास आरंभ होतो, पण ते पुरे होण्यास हात व लेखणी ह्यांची गरज असते, हे तेव्हाही ओळखले गेले होते. आज तो पडदा प्रत्येकाच्या खिशात आला आहे. हात व लेखणी ह्यांची गरज मात्र कमी झालेली नाही.

आरंभ कोठून करावा?

ऑनलाइन साधने विपुल आहेत, आणि ही विपुलताच पुष्कळदा अभ्यासाच्या आड येते. शिक्षक मोबाईल उघडतो. एका चित्रफितीतून दुसरी, दुसरीतून तिसरी अशी पाहत जातो. तासभराने डोळे थकतात, आणि काय शिकलो असे कोणी विचारले तर नेमके उत्तर देता येत नाही. ह्याचे कारण साधनांत नसून आरंभात आहे. बाजारात जाताना काय आणावयाचे हे ठरविले नाही, तर पिशवी भरते पण घरातील मीठ संपलेलेच राहते, तसा हा प्रकार होय.

स्वाध्यायाचा आरंभ साधनापासून न करता आपल्या वर्गातील एका अडचणीपासून करावा. सरत्या वर्षी मुलांना कोणता भाग समजला नाही? कोठे वारंवार शिकवूनही तीच चूक पुन्हा झाली? कोणता पाठ शिकविताना स्वतः शिक्षकास संकोच वाटला? ह्या तीन प्रश्नांची उत्तरे सुटी लागण्यापूर्वीच लिहून काढावीत. उत्तरपत्रिका शाळेच्या कपाटात राहतात व सुटीत त्या हाती येत नाहीत. म्हणून त्या कपाटात ठेवण्याआधी दहा-बारा चुका जशाच्या तशा वहीत उतरवून घ्याव्यात. मूल काय चुकले ह्याबरोबरच, त्याने तसे का लिहिले असावे, ह्याचा तर्कही शेजारी टिपावा. वहीचे हे एक पान म्हणजेच संपूर्ण सुटीचा अभ्यासक्रम होय, आणि तो अन्य कोणी आखून देऊ शकत नाही. कोणत्या गावच्या कोणत्या वर्गात मुले कोठे अडली, हे त्या वर्गाच्या शिक्षकावाचून कोणास ठाऊक असणार?

अडचण एकच घ्यावी. ‘गणित सुधारणे’ हा विषय सुटीत पुरा होणार नाही. ‘भिन्नच्छेद अपूर्णांकांची बेरीज’ हा होईल. ‘वाचन’ फार मोठे झाले. ‘दुसरीतील जी सहा मुले जोडाक्षरांपाशी थबकतात ती’ हे बेताचे आहे. रोज पाऊण तास, असे वीस दिवस मिळाले, तर एकूण १५ तास होतात. एका अडचणीचा मुळापासून अभ्यास करण्यास ते पुरेसे आहेत.

काही साधनांचा परिचय

अडचण ठरल्यावरच साधनांकडे वळावे. सर्वांत जवळचे साधन म्हणजे पाठ्यपुस्तक. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या बालभारतीची पाठ्यपुस्तके मंडळाच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. त्यामुळे ज्या वर्गास शिकवावयाचे त्याच्या मागील व पुढील इयत्तेचे पुस्तकही सहज पाहता येते. तिसरीत काय झाले आणि सहावीत काय येणार आहे हे पाहिल्यावाचून पाचवीच्या पाठाचे मर्म कळत नाही.

‘दीक्षा’ हे राष्ट्रीय व्यासपीठ ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झाले. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड मोबाईलने टिपला असता त्या पाठाशी निगडित साहित्य येथे उघडते. हे साहित्य एकदा उतरवून घेतल्यास पुढे इंटरनेट नसतानाही पाहता येते, ही ग्रामीण शाळेच्या दृष्टीने मोठी सोय होय. ‘निष्ठा’ ह्या शिक्षक-प्रशिक्षण कार्यक्रमास ऑगस्ट २०१९ मध्ये आरंभ झाला आणि २०२० पासून त्याचे ऑनलाइन अभ्यासघटकही ‘दीक्षा’वर येऊ लागले.

विज्ञान व गणित ह्यांसाठी ‘फेट’ नावाचा संग्रह उपयुक्त आहे. नोबेल पारितोषिकाचे मानकरी भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन ह्यांनी २००२ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात त्याचा पाया घातला. येथे पडद्यावर विजेचे मंडल जोडून पाहता येते, तराजू तोलता येतो, अपूर्णांकाचे भाग पाडता येतात. हा संग्रह विनामूल्य असून त्यातील अनेक प्रतिकृतींची मराठी भाषांतरे झालेली आहेत. वाचनासाठी ‘प्रथम बुक्स’ संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टी वाचनाच्या पातळीप्रमाणे लावलेल्या आहेत, त्या उतरवून घेण्यास व छापण्यास मुभा आहे. टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याचे मार्ग दाखविणारे अरविंद गुप्ता ह्यांचे संकेतस्थळ तर ज्या शाळेत प्रक्षेपक नाही, त्या शाळेच्या शिक्षकाने अवश्य पाहावे. कारण तेथे पाहिलेली गोष्ट कागद, काडेपेटी व सायकलच्या नळीचे तुकडे ह्यांतून दुसऱ्या दिवशी वर्गात उभी राहते. एखाद्या संज्ञेविषयी शंका आल्यास मराठी विश्वकोशाच्या नोंदी ऑनलाइन उपलब्ध आहेत.

साधने ह्याहून पुष्कळ आहेत. परंतु सगळी पाहून व्हावीत असा आग्रह नको. एका अडचणीसाठी दोन अथवा तीन साधने पुरेत.

एक नमुना : अपूर्णांक

वरील विचार स्पष्ट होण्यासाठी एक नमुना घेऊ. समजा, एका शाळेतील पाचवीच्या शिक्षिकेने उत्तरपत्रिकांतून दोन चुका टिपल्या आहेत. पहिली : १/३ व १/४ ह्यांत मोठा कोणता, ह्या प्रश्नास निम्म्या वर्गाने १/४ असे उत्तर दिले. दुसरी : १/२ + १/३ ह्या बेरजेचे उत्तर पुष्कळांनी २/५ असे लिहिले.

पहिल्या आठवड्यात शिक्षिका ह्या चुकांच्या कारणाचा शोध घेते. “बाई, तीनपेक्षा चार मोठे ना?” असे मूल म्हणते, तेव्हा ते निष्काळजीपणे बोलत नसते. पहिलीपासून त्याने जी संख्या शिकली, तिचाच नियम ते येथे लावीत असते. दुसऱ्या चुकीतही तेच आहे : वरच्या संख्यांची बेरीज वर व खालच्यांची खाली. अपूर्णांक ही एकच संख्या आहे, अंश व छेद ह्या दोन सुट्या संख्या नव्हेत, ही गोष्ट त्याच्या मनात उतरलेली नाही. चुकीस असे कारण असते, हे ध्यानात आल्यावर तीच रीत चौथ्यांदा फळ्यावर लिहून दाखविण्यात अर्थ नाही, हे शिक्षिकेस कळून येते.

येथे आणखी एक विचार तिला सुचावा. हेच मूल बाजारातून पाव किलो व अर्धा किलो साखर आणते, तेव्हा ती पाऊण किलो झाली हे बिनचूक सांगते. तेच वर्गात १/४ + १/२ ह्याचे उत्तर २/६, म्हणजे तिसऱ्या हिश्शाएवढे, लिहून मोकळे होते. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच असे स्वतंत्र शब्द मराठी मुलाच्या कानावर लहानपणापासून पडत असतात. जुन्या शाळांतून पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी हे पाढे म्हणवून घेतले जात. पाठांतराची ती पद्धत पुन्हा आणावी असे नव्हे; तथापि घरात आलेले हे ज्ञान वहीतील चिन्हाशी जोडण्याचे काम शाळेनेच करावयाचे आहे.

दुसऱ्या आठवड्यात ती साधने पाहते. पाठ्यपुस्तकातील अपूर्णांकाचे प्रकरण, त्यावरील कोड टिपून मिळणारे साहित्य, आणि ‘फेट’मधील अपूर्णांकांची प्रतिकृती, एवढीच तीन. ह्या प्रतिकृतीत वर्तुळ, पट्टी, पाण्याचे भांडे अथवा संख्यारेषा निवडून अंश व छेद वाढविता-घटविता येतात. अंश तोच ठेवून छेद वाढविला की प्रत्येक भाग लहान होत जातो, हे तेथे डोळ्यांस दिसते. शिक्षिका ते स्वतः करून पाहते आणि प्रत्येक वेळी स्वतःस विचारते : हीच गोष्ट माझ्या वर्गात, जेथे दुपारी वीज जाते आणि फोन एकच असतो, तेथे कशी दाखविता येईल?

तिसऱ्या आठवड्यात त्या प्रश्नाचे उत्तर तिच्या हातून तयार होते. जुन्या कॅलेंडरच्या कागदाच्या २४ सेंटिमीटर लांबीच्या समान पट्ट्या ती कापते. २४ ही संख्या मुद्दाम निवडलेली आहे. अर्धा भाग १२ सेंटिमीटरचा, तिसरा हिस्सा ८ चा, पाव ६ चा, सहावा भाग ४ चा, आठवा ३ चा आणि बारावा २ चा. कोठेही अपुरे माप येत नाही. आता १/३ ची व १/४ ची पट्टी शेजारी ठेवली की मोठे कोणते हे सांगावे लागत नाही. १/२ व १/३ हे तुकडे एकापुढे एक ठेवले की लांबी २० सेंटिमीटर भरते. ती कोणत्या एकाच मापाच्या तुकड्यांनी बरोबर भरेल, ह्याचा शोध मुलांनी घ्यावयाचा. सहाव्या भागाचे पाच तुकडे बरोबर बसतात, उत्तर ५/६. समच्छेद का करावा लागतो, ह्याचे कारण येथे मुलाच्या बोटांना समजते. उलट २/५ हे उत्तर खरे मानले, तर लांबी ९.६ सेंटिमीटरच होईल. अर्ध्या पट्टीस आणखी एक तुकडा जोडला आणि ती अर्ध्याहून आखूड झाली, हे कसे? मुले हसतील, आणि हसता हसता आपली चूक आपणच सोडतील.

एक सावधगिरी येथे हवी. दोन अपूर्णांकांची तुलना करताना पूर्ण वस्तू दोन्हीकडे सारखी असली पाहिजे. लहान भाकरीचा अर्धा भाग मोठ्या भाकरीच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी भरू शकतो. पट्ट्या समान लांबीच्याच का घेतल्या, ते मुलांना विचारावे. आपण होऊन सांगू नये.

चौथ्या आठवड्यात शिक्षिका हा पाठ घरच्या अथवा शेजारच्या दोन मुलांना घेऊन करून पाहते. मूल कोठे अडले, कोणता प्रश्न त्यास समजला नाही, कोणती सूचना लांबली, हे टिपते. त्यावरून दोन तासिकांचे टाचण व पाच प्रश्नांची एक लहान चाचणी ती तयार करते. सुटीचा स्वाध्याय येथे पुरा झाला. चार आठवड्यांत फळ म्हणून हाती आले ते काय? पट्ट्यांचे एक पाकीट, एक टाचण आणि एक चाचणी. परंतु हे तिघेही वर्षानुवर्षे उपयोगी पडणारे आहेत.

साधनाची पारख

पडद्यावर आलेले सर्वच साहित्य विश्वसनीय असते असे नाही. चित्रफीत सुबक आहे, पाहणाऱ्यांची संख्या मोठी आहे, म्हणून तिच्यातील आशय निर्दोष ठरत नाही. प्रत्येक साधनास चार प्रश्न विचारावेत. आशय बिनचूक आहे काय? भाषा व संज्ञा आपल्या पाठ्यपुस्तकाशी जुळतात काय? त्यात मुलाने करावयाचे असे काही आहे, की नुसते पाहावयाचे आहे? आणि इंटरनेट नसताना ते वर्गात वापरता येईल काय? ह्यांतील पहिल्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आल्यास ते साधन तेथेच सोडावे. अन्य प्रश्नांबाबत शिक्षकास आपल्या कल्पकतेने वाट काढता येते.

२०२२ च्या अखेरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेची संभाषणात्मक साधने सर्वांच्या हाती आली आहेत. प्रश्न विचारताच ती टाचण, गोष्ट वा प्रश्नपत्रिका क्षणार्धात लिहून देतात. सरावाची वीस उदाहरणे हवी असल्यास त्यांचा उपयोग अवश्य करावा. परंतु प्रत्येक उदाहरण स्वतः सोडवून पाहिल्यावाचून मुलांपुढे ठेवू नये. ही साधने चुकीचे उत्तरही बरोबर उत्तराइतक्याच ठामपणे देतात, आणि त्यांचे मराठी पुष्कळदा पुस्तकातील संज्ञा सोडून भलतीकडे जाते. चुकीची जबाबदारी अखेर वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाचीच असते. तसेच मुलांची नावे, छायाचित्रे, आधार क्रमांक असा तपशील कोणत्याही साधनावर घालू नये, आणि फोनवर आलेला सांकेतिक क्रमांक कोणी मागितला तर देऊ नये.

अडचणी व त्यांवरील उपाय

गावात इंटरनेट क्षीण असते, ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय असा की पाहणे व उतरवून घेणे ही कामे वेगळी करावीत. आठवड्यातून एकदा बाजारच्या निमित्ताने तालुक्यास जाणे होतेच. त्या वेळी आवश्यक ते साहित्य उतरवून घ्यावे व उरलेले दिवस घरी निवांत अभ्यासावे. कोणते साहित्य हवे ह्याची यादी वहीत आधीच लिहिलेली असल्यास अर्धा तास पुरतो.

दुसरी अडचण वयाची व संकोचाची. पंचवीस वर्षे खडू हाती धरलेल्या शिक्षकास मोबाईलमधील खाचाखोचा विचारण्यात कमीपणा वाटतो. वस्तुतः अशा शिक्षकापाशी मुलांच्या चुकांचे जे ज्ञान असते, ते नव्या शिक्षकापाशी नसते. आणि नव्या शिक्षकाच्या बोटांत जी सफाई असते, ती जुन्यापाशी नसते. म्हणून एका केंद्रातील एक ज्येष्ठ व एक तरुण अशा जोड्यांनी स्वाध्याय करावा. आठवड्यातून एकदा फोनवर वीस मिनिटे बोलणे झाले तरी चालेल. ज्येष्ठाने चूक सांगावी, तरुणाने साधन शोधावे आणि पाठ दोघांनी मिळून बसवावा. घरातील मुलाकडून अथवा पुतणीकडून शिकण्यातही संकोच नसावा. जो शिक्षक शिकताना अडखळतो, त्यास अडखळणाऱ्या मुलाचे मन अधिक कळते.

वही व प्रमाणपत्र

आता एका नाजूक गोष्टीचा उल्लेख केलाच पाहिजे. ऑनलाइन अभ्यासक्रम पुरा झाला की प्रमाणपत्र मिळते. ते मिळविण्यात गैर काही नाही. परंतु एका खोलीत चित्रफीत चालू ठेवून दुसऱ्या खोलीत कामे उरकणे, अखेरच्या चाचणीची उत्तरे कोणाकडून तरी मागवून भरणे, असे प्रकार घडतात, हे सर्वांस ठाऊक आहे. ह्यात फसगत कोणाची होते? वरिष्ठांच्या तक्त्यात एक खूण पडते. तक्ता पूर्ण होतो. पाचवीच्या वर्गात मात्र २/५ हे उत्तर तसेच राहते.

ह्या प्रकाराचा दोष एकट्या शिक्षकाचा नाही. शाळाभेटीस येणारा अधिकारी प्रमाणपत्रांची संख्या विचारीत असेल, तर शिक्षक प्रमाणपत्रे गोळा करील. त्याने वही मागितली, तर वही लिहिली जाईल. ‘सुटीत कोणती अडचण घेतली, काय पाहिले, वर्गात काय करून पाहिले व त्याचे काय झाले,’ एवढे चार प्रश्न शाळाभेटीत विचारले गेले, तरी स्वाध्यायाचे वळण बदलेल. वही मोठी असण्याचे कारण नाही. तारीख, पाहिलेले साधन, सुचलेला विचार व स्वतः केलेली कृती, अशा चार रकान्यांत दिवसाला चार ओळी पुरेत. जे साधन निरुपयोगी वाटले, त्याचीही नोंद करावी. तिच्यामुळे दुसऱ्या शिक्षकाचा वेळ वाचेल.

वर्गातील कसोटी

स्वाध्यायाची खरी कसोटी शाळा उघडल्यावर लागते. पाठ शिकविण्यापूर्वी पाच प्रश्नांची ती चाचणी द्यावी, पाठानंतर पुन्हा द्यावी, आणि पंधरा दिवसांनी तिसऱ्यांदा द्यावी. तिसऱ्या वेळचे उत्तर सर्वांत महत्त्वाचे. दुसऱ्या वेळी मुलांना पाठ नुकताच आठवत असतो. अपूर्णांकाचा पाठ जूनमध्ये न येता पुढे येत असेल, तर पाकीट जपून ठेवावे व त्या महिन्यात काढावे. निकाल अपेक्षेप्रमाणे न लागल्यास तोही केंद्राच्या शिक्षण परिषदेत मोकळेपणाने सांगावा. फसलेल्या पाठाची प्रामाणिक हकीकत ऐकून इतरांना जे शिकावयास मिळते, ते यशाच्या वर्णनातून क्वचितच मिळते.

शेवटी एक गोष्ट. ज्या मुलांच्या उत्तरपत्रिकांतून ह्या चुका टिपल्या, ती मुले जूनमध्ये त्या वर्गात नसतात. ती पुढील इयत्तेत गेलेली असतात. कित्येक तर दुसऱ्या गावच्या शाळेत दाखल झालेली असतात. त्यांच्या चुकांवरून शिक्षक शिकला, पण तो नवा पाठ त्यांच्या वाट्यास आला नाही. म्हणून वहीतील त्या पानाची एक नक्कल पुढील वर्गाच्या शिक्षकाकडे, शक्य असल्यास पट्ट्यांच्या पाकिटासह, पाठवावी. ‘ही अकरा मुले बेरजेत छेदाचीही बेरीज करतात, त्यांनी पट्ट्या हाताळलेल्या नाहीत,’ एवढी एक ओळ लिहिली तरी पुष्कळ आहे. ती ओळ मिळाल्यास त्या मुलांचे सहावीतील वर्ष निराळ्या रीतीने सुरू होईल.

केंद्र शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. सरत्या वर्षी आपल्या वर्गात वारंवार आढळलेली एक चूक सांगा. मुलाने ती कोणत्या विचाराने केली असावी?

२. २४ सेंटिमीटरच्या पट्टीवर २/३ व ३/४ ह्यांची तुलना कशी दाखवाल? ह्यांची बेरीज एका पट्टीत मावत नाही, ही गोष्ट मुलांपुढे कशी मांडाल?

३. सुटीत पाहिलेल्या एका ऑनलाइन साधनास लेखातील चार प्रश्न लावून पाहा. ते वर्गात फोनवाचून वापरावयाचे झाल्यास काय कराल?

४. पुढील वर्गाच्या शिक्षकास द्यावयाच्या टिपणात कोणत्या तीन गोष्टी असाव्यात? अशी टिपणे देण्याची पद्धत आपल्या केंद्रात कशी पाडता येईल?